नळाचं पाणी कोणाच्या पैशानं येतं?

शहरात चार दिवसांनी पाणी येऊ लागलं की लोक विचारतात, "केंद्रानं एवढे कोटी दिले, ते गेले कुठे?" पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. मात्र कोण किती देतं आणि कशासाठी देतं, हे माहीत नसलं तर जाब चुकीच्या दारात विचारला जातो.

एक गोंधळ लगेच दूर करता येईल. 'हर घर जल'वालं जल जीवन मिशन खेड्यांसाठी आहे. शहरांसाठी 'अमृत' अभियान आहे. ते २०१५ मध्ये ५०० शहरांपुरतं सुरू झालं आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून 'अमृत २.०'नं पाणीपुरवठ्यासाठी देशातली सगळी शहरं कवेत घेतली.

सगळा पैसा दिल्लीहून येतो, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात 'अमृत २.०'मध्ये लाखाच्या आत लोकसंख्या असलेल्या शहराला केंद्र प्रकल्पाच्या निम्मी रक्कम देतं, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश आणि त्याहून मोठ्या शहराला फक्त २५ टक्के. हप्तेही २०, ४० आणि ४० टक्क्यांचे असतात. काम पुढे सरकलं तरच पुढचा हप्ता मिळतो.

छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण घ्या. जायकवाडी धरणातून पाणी आणण्याची नवी योजना आधी १,६८० कोटींची होती. ती 'अमृत २.०'मध्ये गेली तेव्हा खर्च २,७४० कोटींवर पोहोचला होता. त्यात केंद्राचे ६८५ कोटी, राज्याचे १,२३३ कोटी आणि महापालिकेचे ८२२ कोटी. म्हणजे महापालिकेचा वाटा केंद्रापेक्षा मोठा! ज्या महापालिकेची पाणीपट्टीच नीट वसूल होत नाही, तिनं एवढी रक्कम आणायची कुठून? योजना रखडण्याची चर्चा ठेकेदारापाशीच थांबते. या प्रश्नापर्यंत ती क्वचितच येते, आणि मला ते फार खटकतं.

याच शहरात आणखी एक समज खोटा ठरतो: धरण भरलं की पाणी मिळणार. जायकवाडीचा नाथसागर जलाशय काठोकाठ भरलेला असतानाही इथल्या वस्त्यांना अनेक दिवसांच्या अंतरानं पाणी मिळालं आहे. पाणी उपसणारे पंप, जुन्या जलवाहिन्यांची वहनक्षमता, टाक्या, वाटेतली गळती यांवर नळ अवलंबून असतो. हिशेबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या खाली आणणं हे म्हणूनच 'अमृत २.०'चं एक उद्दिष्ट आहे.

योजना उभी राहिली की सरकारच ती चालवेल, असंही अनेकांना वाटतं. अभियानाचा निधी बांधकामासाठी असतो. पंपांचं वीजबिल, कर्मचाऱ्यांचे पगार, व्हॉल्व्हची दुरुस्ती हा खर्च दर महिन्याला नगरपालिकेनंच पाणीपट्टीतून भागवायचा. म्हणून मीटर बसवणं म्हणजे पाण्याचं खासगीकरण, हा आरोप मला पटत नाही. कराडशेजारच्या मलकापुरात प्रत्येक जोडणीला मीटर बसवले, वापर वाढेल तसा दर चढता ठेवला आणि चोवीस तास पाणी दिलं. तिथं पुरवठा नगरपंचायतीच्याच हाती होता.

राहिलं सांडपाणी. आधी पाणी येऊ द्या, गटारांचं नंतर बघू, असं म्हणणं महागात पडतं. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं आराखड्यांत धरतात. म्हणजे दहा लाख लिटर पुरवठा वाढवला की आठ लाख लिटर सांडपाणीही वाढतं, आणि शुद्धीकरण नसेल तर ते खालच्या गावाच्या नदीत जातं. 'अमृत २.०'मध्ये मलनिस्सारणाला पैसा मिळतो तो मूळच्या ५०० शहरांनाच. लाखाच्या आतल्या इतर शहरांसाठी 'स्वच्छ भारत मिशन (नागरी) २.०' आहे. लहान नगरपालिकेला म्हणून दोन वेगळे प्रस्ताव पाठवावे लागतात. आपल्या नगरपालिकेनं दुसरा पाठवला आहे का, हे नगरसेवकाला विचारायला हवं.