चित्रांत न दिसणाऱ्या हृदयवाहिन्या

छातीवर धोंडा ठेवल्यासारखा दाब यावा, जिना चढतांना वेदना डाव्या हातांत उतरावी वा जबड्यापर्यंत पोंचावी, आणि क्षणभर थांबतांच बरें वाटावें, अशा विकाराचें वर्णन विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्यानें १७६८ सालीं लंडन येथें केलें. 'अंजायना' हें नांव त्याचेंच. हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या म्हणजे श्रमाच्या वेळीं त्याच्या स्नायूला रक्त अपुरें पडतें, हें पुढें कळलें. १९५८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स यांच्या हातीं, कांहींशी अपघातानेंच, या धमन्यांत औषध सोडून क्ष-किरणांनीं त्यांचें चित्र घेण्याची रीत लागली, आणि अरुंद जागा डोळ्यांना दिसूं लागली.

परंतु या चित्रानेंच एक नवें कोडें घातलें. कित्येक रोग्यांची वेदना खरी, पण धमन्या मात्र स्वच्छ! १९७३ सालीं हार्वे केंप यांनीं या अवस्थेला 'सिंड्रोम एक्स' म्हटलें. नांव भारदस्त खरें, पण तें रोगाविषयीं कांहींच सांगत नाहीं. अशा रोग्यांत पाळी थांबलेल्या स्त्रियांचा भरणा मोठा. "हृदय ठीक आहे, मनावर घेऊं नका," असें सांगून त्यांची बोळवण होई. हें निदान नव्हे. निरोप देण्याची ती एक सभ्य रीत होय.

क्ष-किरणांच्या चित्रांत सुमारें अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या उमटतच नाहींत. आणि स्नायूच्या कोणत्या भागाला किती रक्त द्यावें, हें ठरवितात त्या याच. पाट दुथडी भरून वाहत असला, तरी दांड बुजलेले असले कीं वाफे कोरडेच राहतात. पाटाकडे कितीही निरखून पाहिलें तरी तें कळावयाचें नाहीं.

निरोगी हृदयांत श्रमाच्या वेळीं या वाहिन्या सैल होऊन रक्तप्रवाह विश्रांतीच्या तिपटीहून अधिक वाढूं शकतो. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांनीं त्यांच्या भिंती जाड होतात वा आंतलें अस्तर बिघडतें. या अस्तराचें काम रॉबर्ट फर्चगॉट यांनीं १९८० सालीं उघड केलें: असेटिलकोलीन हें द्रव्य धड अस्तराची वाहिनी रुंद करतें, अस्तर नसेल, तर उलट आंवळतें. हाच न्याय आज तपासणीला उपयोगी पडतो. धमनींत बारीक तार घालून ॲडेनोसीन देतात. त्यानें प्रवाह दुपटीपर्यंतही गेला नाहीं, तर वाहिन्या पुरेशा सैलावत नाहींत असें समजतात. असेटिलकोलीननें त्या आंवळल्या व तीच ओळखीची वेदना उठली, तर दोष आकुंचनाचा. दोहोंचे उपचार निराळे: पहिल्यांत बहुधा बीटा-ब्लॉकर, दुसऱ्यांत कॅल्शियमरोधक औषधें.

हा भेद निष्फळ नाहीं. स्कॉटलंडमध्यें १५१ रोग्यांची अशी तपासणी करण्यांत आली. त्यांतील निम्म्यांचे निकाल त्यांच्या डॉक्टरांना कळविले, बाकीच्यांचे राखून ठेवले. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें, सहा महिन्यांनंतर पहिल्या गटांतील रोग्यांची वेदना दुसऱ्या गटाच्या मानानें अधिक उतरली होती व रोजचें जिणें सुसह्य झालें होतें. औषधें कांहीं नवीं नव्हतीं. कोणतें कोणाला द्यावें, एवढेंच कळलें होतें.