विमानतळाशेजारच्या शेतांवरील आकाश

पनवेल तालुक्यांतील नवी मुंबई विमानतळाचें उद्घाटन ता. 8 ऑक्टोबर 2025 रोजीं झालें व ता. 25 डिसेंबर 2025 पासून तेथून प्रवासी विमानें सुटूं लागलीं, हें वाचकांस विदित आहेच. भूसंपादन, भरपाई, विकसित भूखंड यांविषयीं आजवर पुष्कळ बोललें गेलें. परंतु ज्यांच्या जमिनी संपादनांतून सुटल्या, त्यांच्या शेतांवरील आकाशाची स्थितिहि पालटली आहे, इकडे फार थोड्यांचें लक्ष गेलेलें दिसतें. सातबाऱ्यावर क्षेत्र असतें, आकार असतो, पोटखराबा असतो. आकाशाचा रकाना त्यांत नाहीं.

हल्लीं भातावर व भाजीपाल्यावर औषध फवारण्यासाठीं ड्रोन भाड्यानें आणण्याची चाल पडत आहे. सरकारच्या लेखीं ड्रोन हा विमानाचाच एक प्रकार, व तो चालविणारा दूरस्थ वैमानिक होय. केंद्र सरकारनें ऑगस्ट 2021 मध्यें ड्रोनसंबंधीं नियम जाहीर केले. त्यांस अनुसरून चालू विमानतळाभोंवतीं 5 किलोमीटरपर्यंतचा पट्टा तांबडा धरतात. तेथें केंद्र सरकारच्या परवानगीवांचून ड्रोन उडवितां येत नाहीं. 5 ते 8 किलोमीटरचा पट्टा पिवळा; तेथें जमिनीपासूनच विमानवाहतूक नियंत्रण कचेरीची परवानगी लागते. 8 ते 12 किलोमीटरमध्यें 60 मीटर उंचीपर्यंत मोकळीक आहे, त्यावर परवानगी. त्यापलीकडे, दुसरें बंधन नसल्यास, 120 मीटरपर्यंत आकाश हिरवें समजावें. हें अंतर धावपट्टीपासून नव्हे, विमानतळाच्या हद्दीपासून मोजावयाचें. हद्दकायम मोजणीचे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या भेदाचें महत्त्व सांगावयास नको.

येथें शेतकरी विचारतो कीं, फवारणीचा ड्रोन पिकावर दोनतीन मीटर उडतो, विमान कोठें आणि तो कोठें? शंका रास्त आहे. विमान उतरतांना सामान्यतः 3 अंशांच्या उतारानें खालीं येतें. म्हणजे धावपट्टीपासून 5 किलोमीटरवर तें सुमारें 260 मीटर उंच असतें, आणि 2 किलोमीटरवर अवघें शंभरेक मीटर. ड्रोनचा चालविणाऱ्याशीं असलेला संबंध तुटला, म्हणजे बरेच ड्रोन आपण होऊन आधीं ठरविलेल्या उंचीवर चढतात व मग परत फिरतात. ही उंची पुष्कळदां तीसचाळीस मीटर किंवा अधिक असते. त्या क्षणीं तो वैमानिकास दिसण्याजोगा मोठा नसतो. पण दहा लिटर औषधाची टाकी घेऊन चढलेलें यंत्र विमानाच्या इंजिनांत गेल्यास काय होईल, हें सांगण्याची गरज नाहीं. म्हणून उंची थोडी असली तरी परवानगी मागतात, हें आम्हांस योग्य वाटतें. मात्र परवानगीचें उत्तर कीड पिकावर असतांनाच मिळालें पाहिजे, हा आग्रह शेतकरी संघांनीं धरावा.

पनवेल शहरालगतचीं गांवें तांबड्या पट्ट्यांत मोडतात. पेण व अलिबाग हीं ठिकाणें या वर्तुळांबाहेर आहेत. उरण तालुक्यांत गांवागांवाची स्थिति निराळी, आणि शिवाय नौदलाचीं व तेलवायूचीं ठाणीं जवळ. सबब सरकारी ड्रोन नकाशावर आपलें शेत शोधावें, व प्रत्येक फवारणीच्या दिवशीं पुन्हां पाहावें. कारण तो नकाशा बदलूं शकतो. भाड्याच्या ड्रोनवाल्यास यंत्राचा नोंदणी क्रमांक व दूरस्थ वैमानिकाचें प्रमाणपत्र दाखविण्यास सांगावें. नियमभंगास 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

ड्रोन ज्यांस नको, त्या बागायतदारांसहि एक गोष्ट लागू आहे. 2015 च्या नियमांप्रमाणें विमानतळाच्या केंद्रबिंदूपासून 20 किलोमीटरपर्यंत इमारतीच नव्हे, तर झाडेंहि उंचीच्या मर्यादेंत असावीं लागतात. धावपट्टीच्या सरळ रेषेंत ही मर्यादा कडक असते. टोकापुढें सुमारें 60 मीटरवर ती सुरू होते व दर 50 मीटरांस 1 मीटर चढते. म्हणजे 1 किलोमीटरवर धावपट्टीच्या पातळीपासून सुमारें 19 मीटर झाले. उंच जातीचा माड पुरा वाढला म्हणजे 20 मीटरांवर जातो! धावपट्ट्या पूर्वपश्चिम आहेत. त्या रोखांत अगदीं जवळ वाडी असणाऱ्यानें नवी लागवड ठेंगू माडांची करावी, म्हणजे पुढें भरल्या झाडावर कुऱ्हाड चालविण्याची वेळ येणार नाहीं. ठेंगू माड शहाळ्यांस उत्तम, आणि शहाळ्यांस गिऱ्हाईक आतां दाराशींच आहे.

तिसरी बाब पक्ष्यांची. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आंत परवान्यावांचून जनावर कापणें, सोलणें किंवा घारी, कावळे जमतील अशी घाण उघड्यावर टाकणें यांस विमानविषयक नियमांनीं मनाई आहे. खाडीकांठच्या गांवांत मासळीचीं डोकीं व आंतडीं बांधावर फेंकण्याची रीत जुनी आहे. तीं खड्ड्यांत घालून वर पुरेशी माती लोटली, तर घारी जमत नाहींत आणि पुढील पावसाळ्यापर्यंत माडांच्या अळ्यांसाठीं उत्तम खत तयार होतें.