जळक्या तेलाचा धनी कोण?

कढईतले तेल काळे पडले म्हणून आपल्या देशात कोणी ते फेकत नाही. मोठ्या हॉटेलात चार वेळा तळण झाले की ते डब्यात भरून लहान हॉटेलात जाते. तिथून हातगाडीवर उतरते आणि शेवटी आलुबोंडा नाहीतर मिरचीभजे होऊन, ज्याच्या खिशात दहा-वीसच रुपये आहेत अशा हमालाच्या, रिक्षावाल्याच्या, शाळकरी पोराच्या पोटात जाते. या देशात तेलालाही उतरंड आहे. वरच्याने वापरावे, खालच्याने खावे. शेवटचा उरलेला गाळ गटारात जातो, तिथे थंड होऊन गोठतो, गटार तुंबते आणि ते मोकळे करायला कोणाला उतरवले जाते हे या दैनिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. २०१३ च्या कायद्याने ही कामे बंद झाली असे कागद म्हणतो. तरीही गटारात मरणाऱ्यांच्या वारसांना ३० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगावे लागले.

म्हणून टाकाऊ खाद्यतेलापासून घरच्या घरी बायोडिझेल करण्याचा विषय कोणी काढला की त्याकडे हौशी माणसाचा उद्योग म्हणून बघून चालणार नाही. तेल कोणाच्या कढईतून निघते, कोणाच्या हातात जाते आणि पैसा कोणाच्या गल्ल्यात पडतो, हा खरा प्रश्न आहे.

तेलावर इंजिन चालते ही नवलाई नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते. पुढे जमिनीतले तेल स्वस्त झाले आणि शेंगदाणा मागे पडला. आपल्याकडे २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने वनएरंडाची, म्हणजे जट्रोफाची, मोठी योजना मांडली. लाखो हेक्टर 'पडीक' जमिनीवर एरंड लावायचा आणि डिझेल काढायचे. पडीक म्हणजे कोणती जमीन? बहुतेक ठिकाणी गावाचे गायरान, जिथे भूमिहीनांची शेरडे चरतात आणि ज्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये आपल्या माणसांनी तुरुंग भरले. एरंड फारसा पिकला नाही हा भाग वेगळा. जळक्या तेलाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याला एक गुंठाही जमीन लागत नाही आणि कोणाच्या ताटातला घासही कमी होत नाही. उलट जे ताटात येऊ नये ते ताटातून निघते.

सरकारलाही हे उशिरा का होईना उमगले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम केला की तळणीच्या तेलातील 'ध्रुवीय संयुगे' २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. त्याच वर्षी १० ऑगस्टला 'रुको' ही योजना निघाली. वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायचे, हा तिचा हेतू. १ मार्च २०१९ पासून रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याला त्याची नोंदवही ठेवणे भाग झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत असे बायोडिझेल विकत घेण्याची तयारी दाखविली. पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२ रुपये ७० पैसे, तिसऱ्या वर्षी ५४ रुपये ५० पैसे असा भाव बांधून दिला. बघा, नियम मोठ्या कढईसाठी, भाव मोठ्या कारखानदारासाठी. हातगाडीवरची बाई आणि तिचे गिऱ्हाईक या दोन्हीच्या बाहेर!

आता कामठीकडे वळू. हा विषय कामठीचाच आहे असे आम्ही म्हणतो, त्याला कारण आहे. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ मध्ये उभी राहिली ती कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिलेल्या संपत्तीतून. तेल तंत्रज्ञान हा त्या संस्थेतला जुना आणि नावाजलेला विषय. म्हणजे तेलाचे शास्त्र शिकविणारी शाळा कामठीच्या पैशाने उभी झाली. तिथून कामठी पंधरा-सोळा किलोमीटर. ते शास्त्र कामठीच्या विडी कामगारांच्या वस्तीत यायला आणखी किती वर्षे लागावीत?

तेल गोळा कसे करावे? पहिली गोष्ट, कोणते तेल घ्यायचे ते ठरवा. सावजी भोजनालयातले तेल रश्श्यात जाते, उरत नाही. तिथे चकरा मारून उपयोग नाही. तेल उरते ते कचोरी-समोशाच्या दुकानात, चिवडा-फरसाणच्या भट्टीवर, लग्नाच्या मंगल कार्यालयात, वसतिगृहाच्या खानावळीत. अशा दहा ठिकाणांहून रोज तीन-तीन लिटर मिळाले तरी महिन्याला नऊशे लिटर होतात. मालकाला फुकट मागू नका, पण पाण्याचे आणि गाळाचे पैसेही देऊ नका. तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाणी आणि खरकटे बसलेले दिसते. तापलेल्या तव्यावर थेंब टाकला आणि तडतडला तर पाणी आहे समजा. झाकणाचा स्वच्छ डबा आपणच नेऊन ठेवावा, भरला की उचलावा आणि दुसरा ठेवावा. ठरलेल्या दिवशी गेले नाही तर तेच तेल संध्याकाळी हातगाडीवाल्याला विकले जाते. या धंद्यात नेमाने जाणे हेच भांडवल.

डालडा आणि पामतेल यांच्यापासून सावध असावे. पामतेलाचे बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपास गोठू लागते. नागपूर-कामठीची डिसेंबरातली रात्र दहाच्याही खाली जाते. सकाळी इंजिन सुरू होत नाही आणि दोष बायोडिझेलला लागतो. सोयाबीनचे तेल त्या मानाने बरे. जितके जास्त वेळा तळलेले, तितके तेल आंबट होते. आंबट तेलाचे डिझेल कमी आणि साबण जास्त होतो.

कृती ऐकायला सोपी आहे. गाळलेले, पाणी उडवलेले तेल घ्यायचे, शंभर लिटरला सुमारे वीस लिटर मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा, ऊन करून ढवळायचे. खाली ग्लिसरीन बसते, वर बायोडिझेल राहते. तेल चांगले असेल तर नव्वद लिटरच्या वर मिळते. पण 'घरच्या घरी' या शब्दावर आमचा आक्षेप आहे. मेथॅनॉल म्हणजे तेच विष, ज्याने २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर गरीब माणसे दारूतून मारली. त्याची वाफ आंधळे करते, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. महाराष्ट्रात त्याचा साठा आणि विक्री परवान्याखाली आहे, आणि ते योग्यच आहे. एका खोलीच्या घरात, जिथे चूल, पोरे आणि झोप एकाच भिंतीला टेकलेली, तिथे हा प्रयोग करा असे सांगणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे. ज्याच्याकडे मोकळे शेड आहे, परवाना आहे, रसायनाची जाण आहे त्यानेच करावे, आणि झालेले बायोडिझेल विकायचे असेल तर २०१९ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना वाचूनच करावे. बाकीच्यांनी तेल गोळा करून अधिकृत संकलकाला द्यावे. खरा पैसा आणि खरी मेहनत गोळा करण्यातच आहे.

इथेच कंत्राटदार शिरतो. विडीच्या धंद्यात तेच झाले. पान जंगलातले, तंबाखू शेतातला, बोटे बाईची आणि नफा सट्टेदाराचा. 'जय भीम' हा आपला अभिवादनाचा शब्द रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांची संघटना बांधली आणि कंत्राटदाराला बाजूला सारून सहकारी तत्त्वावर विडीचे काम चालविण्याचा प्रयत्न केला. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते कायदेमंडळात गेले आणि १९३९ मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या गावात आज विडी वळणाऱ्या हातांना दुसरे काम हवे आहे. वीस-पंचवीस महिलांच्या बचत गटाला तेल संकलनाचे काम द्यायला कामठी नगर परिषदेला कोणती अडचण आहे? हातगाड्या, तीन चाकी सायकली, झाकणाचे डबे आणि तेल तपासण्याचे एक यंत्र, यापलीकडे खर्च नाही. मोठ्या हॉटेलांच्या नोंदवह्या अन्न व औषध प्रशासन मागू शकते. ते तेल कोणाला दिले हे नगर परिषद विचारू शकते. ठेका निघेल तेव्हा शहरातल्या बड्या कंपनीच्या नावाने निघेल आणि आपल्या बाया रोजंदारीवर डबे उचलतील, तो दिवस येण्याआधी अर्ज गेला पाहिजे.

सुरुवात करायला दूर जायला नको. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्यातले कितीतरी पुढे कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जातात. वाटेवर भोजनदानाचे मंडप लागतात, पुऱ्या आणि भज्यांच्या कढया दिवसरात्र उतरत नाहीत. गर्दी ओसरल्यावर त्या कढयांतले तेल कुठे जाते, हे मंडळांनी यंदा मोजून बघावे. प्रत्येक मंडपाच्या मागे झाकणाचा एक निळा ड्रम, त्यावर चुन्याने मंडळाचे नाव आणि तारीख, आणि दुसऱ्या दिवशी उचलणाऱ्या गटाचा मोबाईल नंबर, एवढी तयारी दसऱ्याच्या आठ दिवस आधी होऊ शकते.