जोडायला तास, बघायला दिवस

सकाळी आठ. मुंबई विमानतळालगतच्या आमच्या व्हील शॉपमध्ये पहिली हजेरी पान्यांची. फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली असते. एखादी जागा रिकामी दिसली, तर ते अवजार सापडेपर्यंत कोणी चाकाला हात लावत नाही.

रात्री उतरवलेली चाकं लाल टॅग लावून रांगेत उभी असतात. बहुतेक टायर झिजले म्हणून आलेली. विमान टेकतं तेव्हा चाक फिरत नसतं आणि खालची धावपट्टी ताशी दोनशेवर किलोमीटरने मागे पळत असते. तेव्हा जो धूर उठतो, ती आमची रोजीरोटी.

साडेआठला हवा. टॅगवर ‘हवा काढली’ असं लिहिलेलं असलं तरी गेज लावून बघायचं आणि व्हॉल्व्हचा कोअर काढूनच पुढे जायचं. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय दाब असतो, ७३७च्या मुख्य चाकात दोनशेच्या आसपास. चाक म्हणजे बोल्टांनी आवळलेले दोन अर्धे भाग. दाब असताना बोल्ट सैल केले तर ते माणसासकट उडतील. सहकाऱ्याच्या सहीवर विश्वास न ठेवणं इथे उद्धटपणा मानत नाहीत.

नऊपासून जेवणापर्यंत फक्त उघडणं, धुणं आणि बघणं. नव्या पोरांना धुतलेल्या बेअरिंगवर हवेचा झोत मारून ते गरगर फिरवायचा मोह होतोच. कोरडे रोलर त्याने खराब होतात, सुटून अंगावरही येतात. टायरची कड जिथे बसते, तिथे तडा शोधायला एडी करंटचा प्रोब फिरवायचा. बोल्ट चुंबकीय तपासणीला अंधाऱ्या खोलीत जातात. अतिनील दिव्याखाली भेग हिरवट रेघ होऊन उमटते. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत नुसतं थांबायचं. घाईच्या दिवशी हे थांबणंच जड जातं, आणि वरच्या साहेबांना ते रिकामं बसणं वाटतं.

एक वाजता डबा.

दीडला जुळणी. दोन भागांमध्ये नवी ओ-रिंग, टायरवरचा लाल ठिपका व्हॉल्व्हसमोर (तो टायरच्या हलक्या बाजूची खूण), मग बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळायचे. हात बसलेल्याला तास पुरतो.

तीनला चाक पिंजऱ्यात ठेवून नायट्रोजन भरायचा. हा वायू कोरडा असतो, त्यामुळे उंचावरच्या थंडीत आत बर्फ धरत नाही. मुख्य म्हणजे तो ज्वलनाला मदत करत नाही. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एका बोईंग ७२७चा ब्रेक तापला आणि नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेला टायर उड्डाणानंतर फुटला. विमानातले सगळे १६७ जण गेले. नव्या माणसाला मी सिलिंडर दाखवण्याआधी हे सांगतो.

चारनंतर कागद. कुठला बोल्ट, कुठलं बेअरिंग, कुठल्या रेंचने आवळलं, त्या रेंचचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत चालू आहे, सगळं जॉब कार्डावर. चाक वापरायला योग्य असल्याचा दाखला म्हणजे सीए फॉर्म १, त्यावर सही मात्र आज होत नाही. नवा टायर भरल्यावर ताणतो आणि दाब थोडा उतरतोच, म्हणून तो सारखा करून चाक चोवीस तास ठेवतात. घट पाच टक्क्यांच्या आत असेल तर उद्या सही. जास्त असेल, तर व्हॉल्व्ह, फ्यूज प्लग आणि ओ-रिंगच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे, आणि चाक परत उघडायचं.