चिमणराव ते टिपरे : घरगुती विनोदी मालिकांचा काळ

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेत घर ठरलेले असते, माणसे ठरलेली असतात आणि दर आठवड्याला पेच तेवढा नवा असतो. अर्ध्या तासात पेच सुटतो. माणसे होती तशीच राहतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच स्वभावापायी नव्या अडचणीत सापडतात. भारतीय दूरचित्रवाणीवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची सुमारे तीन दशके हा प्रकार भरभराटीत होता. त्या काळाचे एक टोक आणि दुसरे टोकही मराठी आहे, आणि दोन्ही टोकांना एकच नट उभा आहे : दिलीप प्रभावळकर.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पडदा कृष्णधवल होता, वाहिनी एकच होती आणि संच थोड्या घरांत असल्याने शेजारपाजारची मंडळी एका खोलीत दाटीवाटीने बसून कार्यक्रम पाहत. नाटकांचे भाग आणि ‘गजरा’सारख्या कार्यक्रमातल्या छोट्या नाटिका यांनी प्रेक्षकांची गोडी तयार केली. त्याच केंद्रावर याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांनी ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ आणले. चिंतामण विनायक जोशी हे बडोद्याचे प्राध्यापक आणि पाली भाषेचे अभ्यासक. त्यांची ही विनोदी पात्रे वाचकांना तोवर चांगलीच परिचयाची होती, आणि चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ व ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटांतून ती पडद्यावरही आली होती.

मालिकेपुढची अडचण वेगळीच होती. जोशींच्या कथा चिमणराव स्वतः सांगतो. आपले शहाणपण तो इतक्या गंभीरपणे मांडतो की त्यातला वेडेपणा वाचकाला दिसतो, त्याला दिसत नाही. हसू येते ते या अंतरामुळे. पडद्यावर हा निवेदक मागे सरतो आणि त्याचे काम नटाच्या चेहऱ्याला करावे लागते. प्रभावळकरांनी ते किरट्या आवाजाने, बुजऱ्या नजरेने आणि अंगभर पसरलेल्या अवघडलेपणाने केले. त्यांच्या शेजारी बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ : धिप्पाड, व्यायामाचा षोक असलेला, बोलण्यापेक्षा सोट्यावर भिस्त ठेवणारा. एकाची अक्कल आणि दुसऱ्याचे बळ, दोन्ही नेमकी चुकीच्या वेळी कामाला येत. काऊ, मोरू, मैना या घरच्या मंडळींना ते निस्तरावे लागे. चित्रीकरण मोजक्या नेपथ्यावर, स्टुडिओच्या चार भिंतींत होई. रंगभूमीवर वाढलेल्या नटांना हे सोयीचेच होते; लांब प्रसंग न तोडता सलग खेळण्याची त्यांना सवय होती. या मालिकेची लोकप्रियता इतकी की तिच्या पाठोपाठ त्याच जोडीला घेऊन चित्रपटही निघाला.

१९८२ साली रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून देशभर जाणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दोन वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने वाढले आणि जाहिरातदारांनी पुरस्कृत केलेल्या मालिकांची पद्धत आली. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही कौटुंबिक कथामालिका होती. त्याच वर्षी आलेल्या ‘ये जो है जिंदगी’ने विनोदी मालिकेला राष्ट्रीय प्रेक्षक मिळवून दिला. निर्मिती एस. एस. ओबेरॉय यांची, दिग्दर्शनात कुंदन शाह, लेखन शरद जोशी यांचे. हे शरद जोशी म्हणजे हिंदीतले व्यंगकार. शेतकरी संघटनेचे नेते वेगळे. शीर्षकगीत किशोरकुमारांनी गायले होते आणि पुरस्कर्ता होता ‘विको’, त्यामुळे हळदीच्या क्रीमची जाहिरात आणि मालिका या दोन गोष्टी एका पिढीच्या आठवणीत एकत्रच राहिल्या आहेत.

शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे नवरा-बायको, घरी येऊन राहिलेला बिनकामाचा मेहुणा राकेश बेदी, एवढाच संसार. चौथा माणूस मात्र दर भागात नवा असे, आणि तो नेहमी सतीश शाहच असे. कधी अधिकारी, कधी पाहुणा, कधी भलत्याच प्रांताचा शेजारी. वेश, बोली, चाल सगळे बदलून एकाच नटाने पन्नासाहून अधिक भागांत वेगवेगळी माणसे उभी केली. भारतीय दूरचित्रवाणीवरील विनोदी अभिनयात या कामगिरीच्या तोडीचे फार थोडे सापडते. शफी इनामदार यांचे घर मराठी रंगभूमीशी जोडलेले होते : ‘ती फुलराणी’ गाजवणाऱ्या भक्ती बर्वे त्यांच्या पत्नी. नवऱ्याचा वैताग आवाज न चढवता, एका सुस्काऱ्यात दाखवण्याची इनामदारांची हातोटी आजही पाहण्यासारखी आहे.

या मालिकांमागच्या मंडळींची नावे एकत्र ठेवली तर पुण्याची वाट दिसते. कुंदन शाह, सईद अख्तर मिर्झा, केतन मेहता, सतीश शाह, राकेश बेदी हे सगळे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले. समांतर चित्रपटाला पैसा जेमतेम होता आणि दूरदर्शनला कार्यक्रम हवे होते. ज्यांनी एरवी वर्षानुवर्षे एका चित्रपटासाठी वाट पाहिली असती, त्यांना दर आठवड्याला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) करणाऱ्या कुंदन शाह यांनी सईद मिर्झांबरोबर १९८६ साली ‘नुक्कड’ केली. तिच्यात घर नाहीच. रस्त्याचा एक कोपरा हेच घर. दुरुस्तीचे दुकान चालवणारा गुरू, सायकलवाला हरी, चहावाला कादरभाई, दारुडा खोपडी. समीर खक्कर यांचा खोपडी झोकांड्या खात येई तेव्हा हसू फुटे, आणि पुढच्याच क्षणी त्या माणसाला झोपायला जागा नाही हे लक्षात येई. विनोदाने गरिबाची टवाळी केली नाही. त्याला नाव, धंदा आणि मित्र दिले. या एका गुणासाठी ‘नुक्कड’ त्या दशकातल्या मालिकांत वरच्या जागी ठेवावी लागते.

१९८८ साली ‘वागळे की दुनिया’ आली. मूळ कल्पना व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन पुन्हा कुंदन शाह यांचे, निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची. श्रीनिवास वागळे हा मुंबईतला साधा कारकून. लक्ष्मण यांचा व्यंगचित्रातला सामान्य माणूस कधी बोलत नसे. वागळे बोलतो, घाबरतो, पैसे मोजतो आणि तत्त्व सोडायची वेळ आली की अडून बसतो. अंजन श्रीवास्तव स्वतः बँकेत नोकरी करत आणि ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेच्या नाटकांत काम करत, त्यामुळे कारकुनाचे चालणे-बोलणे त्यांना वेगळे शिकावे लागले नसावे. राधिका वागळे झाल्या भारती आचरेकर. गायिका माणिक वर्मा यांच्या या कन्येने हिंदी मालिकेत मध्यमवर्गीय मराठी गृहिणी कोणतीही नक्कल न करता, घरातल्या सुरातच उभी केली. एका भागात वागळेला गाडीचा धक्का देणारा तरुण म्हणून शाहरुख खान दिसतो. त्या वेळी त्याला ओळखणारे थोडे होते.

या मालिकेचा खरा विषय टंचाई हा आहे. फोन मिळायला वर्षे लागत, गॅसच्या सिलिंडरला नंबर लावावा लागे, घर बदलणे जवळपास अशक्य होते, पगार महिनाअखेरीस संपलेला असे. त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या विनोदी मालिका याच अडचणींवर चालल्या. प्रेक्षक आणि पात्र एकाच रांगेत उभे होते, म्हणून विनोद समजावून सांगावा लागला नाही. दूरदर्शन सरकारी असूनही सरकारी कारभारावरचे हसू त्याच पडद्यावर खपून गेले. चंदीगडच्या जसपाल भट्टी यांनी ‘फ्लॉप शो’मध्ये (१९८९) कंत्राटदार, डॉक्टर, प्राध्यापक यांना एकेक भागात तासले, मालिकेचे भाग जेमतेम दहा, पण नाव टिकले. मनोहर श्याम जोशी यांनी ‘हम लोग’च्या लेखनानंतर ‘कक्काजी कहिन’मध्ये ओम पुरींकडून राजकीय दलालाचे चित्र रंगवून घेतले आणि प्रकाश झा दिग्दर्शित ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’मध्ये रघुवीर यादव यांच्या कारकुनाला दिवास्वप्ने दिली. मुंगेरीलाल हे नाव हिंदीत आणि मराठीतही दिवास्वप्ने पाहणाऱ्याला चिकटले.

केतन मेहता यांची ‘मिस्टर योगी’ याच सुमाराची. मधु राय यांच्या गुजराती कादंबरीवर ती बेतलेली होती. अमेरिकेहून आलेला योगेश पटेल बारा राशींच्या बारा मुली पाहायला निघतो, आणि सूत्रधार म्हणून ओम पुरी मध्ये येऊन त्याला टोकत राहतात. योगी झाले होते मोहन गोखले. मराठी रंगभूमीवरून आलेल्या या नटाने अमेरिकेचा तोरा आणि आतला गोंधळ एकाच वाक्यात दाखवण्याची किमया साधली. १९९९ साली ते अकाली गेले. त्यांच्याजोगा हलक्या हाताचा विनोदी नट त्या पिढीत दुसरा दाखवणे कठीण आहे.

नव्वदच्या दशकात चित्र पालटले. उपग्रह वाहिन्या आल्या, दूरदर्शनने मेट्रो वाहिनी काढली आणि पडद्यावरची घरे मोठी झाली. ‘देख भाई देख’ (१९९३) मधले दिवाण कुटुंब तीन पिढ्यांचे आणि सुस्थितीतले. आनंद महेंद्रू यांचे दिग्दर्शन, जया बच्चन यांची निर्मिती, नवीन निश्चल, फरीदा जलाल, शेखर सुमन, भावना बलसावर, देवेन भोजानी असा संच. येथे अडचण बाहेरून येत नाही. घरातलाच कोणीतरी काहीतरी लपवतो आणि गैरसमजांची साखळी सुरू होते. मराठी प्रेक्षकाला हा फार्स नवा नव्हता, तो शिवाजी मंदिर नाट्यगृहात असे प्रकार कितीदा पाहून आला होता.

मराठी रंगभूमीशी असलेले हे नाते ‘श्रीमान श्रीमती’मध्ये (१९९४) आणखी उघड आहे. अधिकारी बंधूंच्या या मालिकेचे लेखक ‘आई रिटायर होतेय’चे नाटककार अशोक पाटोळे आणि दिग्दर्शक राजन वाघधरे. शेजारच्या बायकोवर भाळलेले दोन नवरे ही कल्पना सहज ओंगळ होऊ शकली असती. जतीन कनाकिया यांच्या केशव कुलकर्णीची फजिती आणि रीमा लागू यांच्या कोकिलाचा समजूतदारपणा यांनी ती सांभाळली. रीमा लागू त्याच काळात सचिन पिळगावकर यांच्या ‘तू तू मैं मैं’मध्ये सासू झाल्या, सुप्रिया पिळगावकर सून. दोघींचे टोमणे एका लयीत, जुगलबंदीसारखे चालत. ‘हम पांच’मध्ये (१९९५) पाच मुलींच्या बापाच्या भूमिकेत अशोक सराफ आणि भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी पहिली पत्नी प्रिया तेंडुलकर. हिंदी विनोदी मालिकेचे हे दशक मराठी नटनट्यांशिवाय उभेच राहिले नसते.

‘हम पांच’ बनवणाऱ्या बालाजी टेलिफिल्म्सनेच २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आणली आणि आठवड्यातून चार-पाच रात्री चालणाऱ्या मालिकांचे राज्य सुरू झाले. विनोदी मालिकेला हा वेग मानवत नाही. बावीस मिनिटांचा पेच रचायचा, त्यात प्रत्येक पात्राला वाव द्यायचा आणि शेवटी सगळे धागे जुळवायचे, तर लेखकाला आठवडाही अपुरा पडतो. दूरदर्शन एका वेळी तेरा भागांनाच मंजुरी देई, त्याला निर्माते कंटाळत. लेखनाच्या दृष्टीने मात्र ती मर्यादा उपकारक होती, कारण पाणी घालायला जागाच नसे. तरी ‘ऑफिस ऑफिस’ (२००१), ‘खिचडी’ (२००२) आणि ‘साराभाई वर्सेस साराभाई’ (२००४) यांनी साप्ताहिक परंपरा काही वर्षे टिकवली.

मराठीत ती ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ने टिकवली. प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून केदार शिंदे यांनी ही मालिका केली आणि २००१ पासून अल्फा मराठी या वाहिनीवर ती चार वर्षे चालली. टिपरे कुटुंबातल्या माणसांच्या रोजनिशीतून घर उलगडते : आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या आणि शलाका. चिमणरावात हरवलेला निवेदकाचा आवाज रोजनिशीमुळे येथे परत मिळाला. पन्नाशी ओलांडलेल्या प्रभावळकरांनी आबांच्या भूमिकेत त्याहून बराच वयस्कर म्हातारा उभा केला. राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांनी मधल्या पिढीची ओढाताण कुठेही न ओरडता दाखवली. शुभांगी गोखले या मोहन गोखले यांच्या पत्नी. टिपऱ्यांच्या घरी खलनायक नाही, संपत्तीचे भांडण नाही. आबांचे रुसणे, शिऱ्याच्या उचापती, शेखरचे नोकरीतले ताण एवढ्यावर भाग उभा राहतो. मराठी दूरचित्रवाणीवरची सर्वात सुघड विनोदी मालिका हा मान तिलाच द्यावा लागेल.

लोकांनी या मालिका मनातून काढल्या नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘देख भाई देख’ आणि ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा दाखवल्या. २०२१ साली वागळे कुटुंबाची पुढची पिढी सुमीत राघवन यांच्यासह पडद्यावर आली, त्यात अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आई-वडील होते. जतनाची बाजू मात्र लंगडी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत फिती महाग असल्यामुळे जुन्या कार्यक्रमांवर नवे कार्यक्रम मुद्रित करण्याची रीत होती आणि त्यात पुष्कळ काही पुसले गेले. नाटकाची संहिता छापली जाते, विनोदी मालिकेची जात नाही. शरद जोशी, मनोहर श्याम जोशी, अशोक पाटोळे यांनी लिहिलेल्या भागांच्या संहिता जिथे शिल्लक असतील तिथून मिळवून प्रकाशकांनी त्या पुस्तकरूपाने काढाव्यात, आणि उरलेल्या फिती दूरदर्शनने लवकरात लवकर सर्वांसाठी खुल्या कराव्यात.