जीन सापडला नाही तर?

मित्रांनो, आधीच सांगतो, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होतो. मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या!

गोष्ट गेल्या सेमिस्टरची. अंधेरीचं आपलं होस्टेल, रात्रीचे साडेअकरा, सबमिशन डोक्यावर, आणि अर्थातच सबमिशन सोडून गप्पा चालू. विषय निघाला समलैंगिकतेचा. एक जण म्हणाला, "हे सगळं फॅड आहे." मी लगेच हुशारी दाखवली, "नाही रे, ते जीनमध्येच असतं. सायन्सने प्रूव्ह केलंय." सगळे गप्प. मी खूश. तेवढ्यात कोपऱ्यातल्या कॉटवरून आमचा एक मित्र हळूच म्हणाला, "आणि जीन सापडला नाही तर? मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?"

"आमच्यासारख्यांनी" म्हणजे काय, हे डोक्यात शिरायला मला दोन सेकंद लागले. (त्याला विचारूनच लिहितोय. नाव विचारू नका.)

दुसऱ्या दिवशी वाचायला बसलो, तेव्हा कळलं की माझं "प्रूव्ह केलंय" अर्धवटच होतं.

१९९१ साली बेली आणि पिलार्ड या अमेरिकन संशोधकांनी समलैंगिक पुरुषांच्या जुळ्या भावांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांमध्ये दुसरा भाऊही समलैंगिक किंवा उभयलैंगिक असण्याचं प्रमाण ५२ टक्के निघालं, साध्या जुळ्यांमध्ये २२ आणि दत्तक भावांमध्ये ११. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हे आकडे बरेच खाली आले. म्हणजे जीन्सचा हात आहे, पण सगळं जीन्सच ठरवत असते तर एकसारख्या जुळ्यांचा आकडा शंभरच्या आसपास यायला हवा होता. १९९३ मध्ये डीन हेमर यांना एक्स क्रोमोसोमच्या टोकाशी एक धागा सापडला आणि पेपरवाल्यांनी "गे जीन" म्हणून गाजवला. १९९९ च्या कॅनडातल्या अभ्यासाला तो धागा सापडला नाही.

मग २०१९ चा सगळ्यात मोठा अभ्यास, पावणेपाच लाखांहून जास्त लोकांचा. त्यात डीएनएवर फक्त पाच जागा ठळक दिसल्या. बाकी हजारो बारीकसारीक फरकांचा थोडा थोडा वाटा. सगळे मिळून माणसामाणसांतला ८ ते २५ टक्के फरक समजावतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा एक ऑन-ऑफ स्विच नाही, हजारो नॉब असलेला मिक्सर आहे! डीएनए बघून कोणाचा कल सांगता येत नाही.

"म्हणजे उरलेलं संगतीने होतं का?" नाही. उरलेल्यात जन्माआधी पोटात घडणाऱ्या गोष्टीही येतात. मोठे भाऊ जितके जास्त, तितकी धाकट्या मुलाची समलैंगिक असण्याची शक्यता थोडी वाढते, हे १९९६ पासून अनेकदा दिसलंय. आणि कारण पूर्ण माहीत नाही म्हणून कल बदलता येतो, असंही नाही. तो "बदलून देण्याची" ट्रीटमेंट हे डॉक्टरांचं गैरवर्तन आहे, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलंय.

आता उलट विचार करा. समजा, उद्या तो जीन सापडलाच. मग सगळे सुखी? मला नाही वाटत. पोटातली मुलगी ओळखता यायला लागली तेव्हा काय झालं, हे आपल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९८८ साली देशात सर्वांत आधी आपल्या राज्याने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. तरी सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. चाचणी माणसाला वाचवतेच असं नाही.

थोडक्यात काय, तर जीन हा सायन्सचा प्रश्न आहे, माणसाने मान वर करून जगायचं की नाही याचा नाही. २०१८ मध्ये आयआयटीच्या २० आजी-माजी विद्यार्थ्यांनी ३७७ कलमाविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका केली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला निकाल लागला. तो समानता, खासगीपणा आणि प्रतिष्ठा या हक्कांवर उभा आहे. कोर्टाने कोणाचा ब्लड रिपोर्ट मागितला नाही.

आपणही मागू नये. मी त्या रात्री मित्राची बाजू घेतली खरी, पण त्याला एका लॅब रिपोर्टवर टांगून ठेवलं होतं.

परवा त्याला हे सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "एवढं व्हायवासाठी वाचलं असतंस, तर केटी लागली नसती!"