वाईनचे वय आणि वयाचा मान

वाईनसंबंधी आपल्या समाजात जितके गैरसमज रूढ आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या पेयासंबंधी असतील. परंतु त्या सर्वांत दृढमूल, सर्वांत प्रतिष्ठित आणि माझ्या मते सर्वांत उपद्रवी समज एकच, आणि तो असा की, वाईन जितकी जुनी तितकी ती चांगली. ज्याने आयुष्यात वाईनचा एक घोट घेतलेला नाही असा गृहस्थही हे वाक्य इतक्या निःशंकपणे उच्चारतो, की रीतसर पंचनामा होऊन त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या असाव्यात. परिणाम असा होतो की, परदेशातून आलेल्या भाच्याने हौसेने आणलेली बरी बाटली दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, विजेच्या दिव्याखाली, उभी करून ठेवण्यात येते. मुलाची बारावी होते, मुलीचे लग्न ठरते, घराला दुसऱ्यांदा रंग लागतो, आणि अखेर ज्या दिवशी ती समारंभपूर्वक उघडली जाते त्या दिवशी आत निघालेला तपकिरी, आंबूस द्रव चाखून मंडळी ‘यापेक्षा आपले ताक बरे’ असा निकाल देऊन मोकळी होतात. तो निकाल चुकीचा नसतो. शिक्षा मात्र भलत्याच आरोपीला होते.

या समजाची वंशावळ शोधणे कठीण नाही. जुन्याला सोने मानण्याची आपली वृत्ती एक. आणि आसवे जुनी झाली म्हणजे अधिक गुणवान होतात, असे शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे, हा दुसरा आधार. परंतु ते वचन औषधांविषयी आहे, आणि जेवणाच्या पानाशेजारी ठेवायच्या पेयाला ते लागू करण्याचा अधिकार आपणांस कोणी बहाल केला, याचा दाखला मिळत नाही. तिसरा आधार व्हिस्कीच्या बाटलीवर छापलेल्या बारा किंवा अठरा या आकड्यांचा. पण ते आकडे पिंपातील मुक्कामाचे असून, बाटलीत शिरताक्षणी व्हिस्कीचे वय वाढणे थांबते. वाईनचे नेमके उलट आहे. ती बाटलीतही बदलत राहते, आणि बदलत राहणे म्हणजे सुधारत राहणे नव्हे, एवढी साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे हा सारा घोटाळा झाला आहे.

हा बदल घडतो तरी कसा? लुई पाश्चर याने 1866 साली प्रसिद्ध केलेल्या वाईनविषयक ग्रंथात, काठोकाठ भरलेल्या आणि अर्धवट भरलेल्या बंद नळ्यांतील वाईनची तुलना करून, या स्थित्यंतराचा प्रमुख कर्ता प्राणवायू होय हे दाखवून दिले. अल्प प्रमाणात आणि सावकाश मिळालेला प्राणवायू हितकारक ठरतो, अतिरिक्त मिळाला तर घातक. लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरलेली टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. कोऱ्या चहाने जीभ आखडते ती याच वर्गातील द्रव्यांमुळे. ही द्रव्ये आणि रंगद्रव्ये वर्षानुवर्षे परस्परांशी संयोग पावत मोठी होतात, कालांतराने गाळ होऊन तळाशी बसतात, तुरटपणा निवळतो, रंग विटकरी होतो, आणि ताज्या फळाच्या गंधाची जागा चामडे, तंबाखू, वाळकी पाने अशा गंभीर गंधांकडे जाते. मात्र हे होण्यासाठी मुळात पुरेसे टॅनिन, पुरेशी आम्लता किंवा पुरेशी साखर या भांडवलांपैकी काहीतरी असावे लागते. बोर्दोच्या उत्तम मळ्यांतील कॅबर्ने, बारोलोची नेबियोलो, मोझेलच्या खोऱ्यातील रीसलिंग, हंगेरीची तोकाय, बुरशीने सुकलेल्या द्राक्षांची सोतेर्न, द्राक्षाची ब्रँडी घालून किण्वन थांबवलेली पोर्तुगालची विंटेज पोर्ट, या त्या भाग्यवंतांच्या यादीतील काही. जगात निघणाऱ्या वाईनपैकी अशा वाईन थोड्याच. बाकीच्या बहुसंख्य वाईन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात. आणि या भाग्यवंतांनाही अमरत्व नाही: आढीतला हापूस जसा एका दिवशी ऐन रंगात येतो आणि पुढे आपल्या वाटेने नासू लागतो, तशीच प्रत्येक वाईनची एक चढण, एक माथा आणि एक उतरण असते.

ज्यांना प्राचीनांची साक्ष हवी त्यांनी रोमन ग्रंथकार प्लिनीची कैफियत वाचावी. रोममध्ये ओपिमियस कॉन्सल असताना, म्हणजे इ. स. पू. 121 साली, जो अपूर्व हंगाम झाला त्याची वाईन सुमारे दोनशे वर्षांनीही उपलब्ध होती आणि तिला अवाच्या सवा भाव होता. पण ती राठ मधासारखी घट्ट होऊन बसली होती, इतकी कडू की नुसती पिणे अशक्य, आणि दुसऱ्या वाईनमध्ये किंचित मिसळण्यापुरताच तिचा उपयोग उरला होता, असे तो सांगतो.

या खुळापायी आपण काय गमावतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रान्सच्या बोजोले प्रांतात गामे जातीच्या द्राक्षांची नवी वाईन तोडणीनंतर दोनेक महिन्यांतच, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. तिचा सारा गुण तिच्या बाल्यात असून, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती राखून ठेवणे म्हणजे तिचा अपमान होय. पोर्तुगालच्या उत्तरेकडील विन्यो व्हेर्दे ही हलकी, आंबटसर, जिभेवर किंचित बुडबुडणारी वाईन, माशाच्या तळलेल्या तुकडीशेजारी ठेवून पाहावी. न्यूझीलंडच्या मार्लबरो प्रांतात सोव्हिन्यॉं ब्लांची लागवड 1970 च्या दशकात झाली, आणि आज तिच्या पहिल्याच वासाला हिरवी ढोबळी मिरची, कापलेले गवत व पॅशनफ्रूट यांचा असा कल्लोळ उठतो, की नवख्यालाही वाईनचा गंध म्हणजे काय याचा उलगडा व्हावा. तो कल्लोळ काही वर्षांत विरून जातो. स्पेनच्या हेरेसमधील फिनो शेरी पिंपात यीस्टच्या सायीखाली वर्षे काढते, परंतु बाटलीत भरल्यानंतर तिला विलंब सोसत नाही. तिची खारवलेल्या बदामासारखी, ताज्या पावाच्या वासाची रुची ताजेपणीच घ्यावी. आपल्या नाशिकची शेनिन ब्लां याच कुळातली. आणि ज्या वाईनला वय हवे तिचे वय पुष्कळदा उत्पादकानेच करून दिलेले असते: स्पेनच्या रिओहा प्रांतातील ग्रान रेसेर्वा ही लाल वाईन पाच वर्षांच्या मुदतीआधी, आणि त्यांपैकी निदान दोन ओकच्या पिंपात काढल्यावाचून, विक्रीस काढण्याची तेथील नियमाने मुभाच नाही.

समजा, बाटली खरोखरच ठेवण्याजोगी आहे. तरी ती ठेवणार कोठे? वाईनला बारा-तेरा अंशांचे स्थिर तापमान, काळोख आणि दमट हवा लागते, आणि बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवावी लागते. चाळीस अंशांचा वैशाख सोसणाऱ्या आपल्या घरांत जे घडते त्याला मुरणे म्हणत नाहीत, शिजणे म्हणतात. याला एकच नामांकित अपवाद आहे. मदेरा बेटाची वाईन हिंदुस्थानकडे येणाऱ्या गलबतांच्या पोटात उष्ण कटिबंधातून हेलकावे खात आली की अधिक रुचकर होते, असे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले, आणि पुढे तेथील उत्पादक ती मुद्दामच तापवू लागले. जी आधीच तापून, प्राणवायू पिऊन बसली आहे तिचे उष्णता आणखी काय वाकडे करणार? शंभर वर्षांची मदेरा आजही पिता येते. परंतु आपल्या कपाटातील बाटली मदेराची नसते.

म्हणून बाटलीवरील साल वाचावे ते ज्येष्ठता ठरवण्यासाठी नव्हे, तर द्राक्षे केव्हा तोडली ते कळावे म्हणून. नाशिकला पावसाळा सरताना फळछाटणी होऊन तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये उरकते, फ्रान्समध्ये ती बहुधा सप्टेंबरात. तेव्हा एकाच सालाच्या दोन बाटल्यांत अर्ध्या वर्षाचे अंतर पडते.

किरकोळ फिर्यादींचा निकाल थोडक्यात. उत्तम वाईन फ्रान्सचीच, या समजाला 1976 साली पॅरिसमध्ये, फ्रेंच परीक्षकांच्याच जिभेने, कॅलिफोर्नियाने झाकल्या बाटल्यांच्या चाचणीत हरवले. या वाईन टिकणार नाहीत ही त्यावरची मखलाशीही 2006 च्या फेरचाचणीत निकालात निघाली, कारण त्याच जुन्या लाल वाईनमध्ये पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले. फिरकीचे झाकण हलक्या मालाची खूण नव्हे. बुचामुळे कधीकधी येणारा कुबट वास त्याने टळतो. लाल वाईन ‘घरच्या तापमानाला’ प्यावी हे युरोपातील थंड घरांसाठी सोळा-अठरा अंशांचे सांगणे आहे. आपल्याकडे ती थोडा वेळ शीतकपाटात ठेवावी. पेल्याच्या कडेवरून ओघळणाऱ्या धारा प्रतीच्या निदर्शक नसून मुख्यतः मद्यार्काच्या आहेत. डोके दुखते ते लाल वाईनमधील सल्फाइट या परिरक्षक द्रव्यामुळे, असे म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसते की युरोपच्या कायद्यात कोरड्या लाल वाईनला लिटरमागे 150 मिलिग्रॅम आणि पांढरीला 200 मिलिग्रॅम मर्यादा आहे. महाग ती चांगली म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील संशोधकांचा 2008 चा प्रयोग पाहावा, ज्यात तीच वाईन मोठी किंमत सांगून दिली असता लोकांना अधिक आवडली. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून विकली जाणारी गोड लाल वाईन आणि पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातील पोर्ट यांचे नाते नावापुरते आहे.

राहता राहिले एक वाक्य, जे 2022 साली किराणा बाजारांतून वाईन विकण्याच्या सरकारी निर्णयाच्या वेळी महाराष्ट्रात पुष्कळ ऐकू आले: वाईन म्हणजे दारू नव्हे. बारा टक्के मद्यार्काच्या वाईनचा दीडशे मिलिलिटरचा पेला आणि चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीचा पंचेचाळीस मिलिलिटरचा पेग, या दोहोंत मद्यार्क समान, म्हणजे अठरा मिलिलिटर असतो.